आईचं आभा कार्ड आणि बाबांचा मोबाइल नंबर

जानेवारी २०२४ मध्ये आईच्या उजव्या डोळ्यातला मोतिबिंदू पिकत आल्याचं निदान झालं. सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख द्यायच्या आधी जुने कागद मागितले : साखरेचे रिपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि मुख्य म्हणजे २०१८ मध्ये मिरजेला अँजिओप्लास्टी झाली तेव्हाचा डिस्चार्ज पेपर. रक्त पातळ करणारी गोळी नेमकी कोणती आणि कधीपासून सुरू आहे, हे त्यांना कागदावर बघायचं होतं. काउंटरवरच्या मुलीनं सहज विचारलं, "आजींचं आभा आहे का? असेल तर पुढचे कागद तरी हरवणार नाहीत."

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. तासगावला राहते. मी ठाण्यात. तिचे कागद तासगाव, सांगली, मिरज आणि माझ्या घरच्या कपाटात विखुरलेले. बाबा होते तोवर त्यांची एक कापडी पिशवी होती, त्यात सगळं तारखेनं लावलेलं असायचं. डिसेंबर २०२१ मध्ये बाबा गेले आणि नंतरच्या धावपळीत ती पिशवी कुणाकुणाच्या हातून फिरली, त्यातले निम्मे कागद गेले. म्हणून ठरवलं की हे काम हातात घ्यायचं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या मनात हा घोळ होता. आभा म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे. आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ती विम्यासारखी योजना आहे. आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, म्हणजे १४ अंकी ओळख क्रमांक. त्यावर एक रुपयाही मिळत नाही. त्याचं काम एवढंच, की वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या तुमच्या नोंदी एका धाग्यात ओवता याव्यात. आभा काढायला शुल्क नाही. आमच्याकडे एका सेवा केंद्रात पैसे सांगितले गेले, तेव्हा तिथून परत आलो आणि घरी मोबाइलवरच काढायचं ठरवलं.

घरी बसलो तर पहिल्याच पायरीवर अडलो. ॲप आधार क्रमांक मागतं आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवतं. आईच्या आधारला बाबांचा नंबर जोडलेला होता. आमच्या पिढीच्या आयांचं हेच आहे : गॅस, बँक, पेन्शन, आधार, सगळीकडे नवऱ्याचा नंबर. बाबा गेल्यावर काही महिने आम्ही त्या सिमला रिचार्ज मारत राहिलो, मग ते राहून गेलं आणि सिम बंद पडलं. बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. आईनं तो लावून पाहिला. पलीकडून एका तरुण मुलाचा आवाज आला. आई म्हणाली, "राँग नंबर लागला, माफ कर हं बाळा," आणि फोन ठेवून बराच वेळ अंगणात जाऊन बसली.

त्या मुलाचा काही दोष नव्हता. पण आईचे ओटीपी त्याच्या फोनवर जात होते, ही गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना. तुमच्या घरात कुणी गेलं असेल तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवून त्यांचा नंबर कुठंकुठं जोडलेला आहे ते आधी बघा. 'माय आधार' संकेतस्थळावर मोबाइल पडताळण्याची सोय आहे, तिथं जोडलेल्या नंबराचे शेवटचे अंक दिसतात.

आधारमधला मोबाइल नंबर घरबसल्या बदलता येईना. फेब्रुवारीत आईला घेऊन आधार केंद्रात गेले. यासाठी वेगळं कागदपत्र लागत नाही. आधार कार्ड, नवा नंबर आणि स्वतः माणूस, एवढं पुरतं. शुल्क तेव्हा ५० रुपये होतं, ऑक्टोबर २०२५ पासून ते ७५ झालं आहे. अडचण आली बोटांची. आयुष्यभर खडू धरलेली, भांडी घासलेली बोटं. यंत्राला ठसाच मिळेना. ऑपरेटरनं ओल्या रुमालानं बोटं पुसायला सांगितली, थोडं तेल लावून पाहिलं. मग डोळ्यांकडे वळला, तर उजव्या डोळ्यात मोतिबिंदू. शेवटी डाव्या डोळ्यानं काम झालं. वयस्कर माणसाला नेताना सकाळी लवकर न्या. आमच्या मागची रांग अकरानंतर रस्त्यापर्यंत गेली होती आणि त्या ऑपरेटरला आमच्यासाठी जो वेळ देता आला, तो दुपारी कुणालाच देता आला नसता.

पोचपावती मिळते, तिच्यावरच्या क्रमांकावरून काम कुठवर आलं ते तपासता येतं. ती पावती जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. बदल व्हायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात असं सांगतात. आमचं त्याच्या बरंच आधी झालं. नंतर कळलं की पोस्टमनही घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतात, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ती सेवा आहे. शेजारच्या काकूंना चालता येत नाही, त्यांचं काम तसं झालं. टपाल कार्यालयात जाऊन नाव सांगून ठेवायचं, पोस्टमन फेरीत येतात.

त्या वाट पाहण्याच्या दिवसांत आईनं बाबांचा जुना स्मार्टफोन चार्ज केला. त्यात आरोग्य सेतू अजून तसंच होतं. ती म्हणाली, "हे तेच ना कोरोनातलं? जवळ कुणी आजारी असला की सांगणारं? मग आता आणखी दुसरं कशाला? आणि त्यात आपण कुठं गेलो, कुणाला भेटलो ते सगळं अजून आहे का?"

आई प्रश्न विचारते तेव्हा उत्तर पूर्ण द्यावं लागतं. मी शोधून, वाचून तिला सांगितलं ते इथंही लिहिते. आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं. ब्लूटूथ चालू असलेले दोन फोन जवळ आले की एकमेकांची खूण नोंदवून ठेवायचे, जोडीला जीपीएसवरून ठिकाणाची नोंद. कुणाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्याच्या फोनमधली यादी सर्व्हरवर जायची आणि संपर्कातल्यांना सूचना मिळायची. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांना १९२१ वर मिस्ड कॉल द्यायचा होता, आमच्या काकांनी तेच केलं होतं. १ मे २०२० च्या आदेशात नोकरदारांसाठी ते सक्तीचं झालं, माझ्या कार्यालयात दाराशीच स्क्रीन दाखवावी लागे. त्याच महिन्यात, १७ मेच्या आदेशात, ती सक्ती सैल झाली. माहिती किती काळ ठेवायची हे ॲपच्या गोपनीयता धोरणात लिहिलेलं होतं : फोनमधली नोंद ३० दिवसांनी पुसली जाणार, सर्व्हरवर गेलेली ४५ दिवसांनी, आणि बाधिताची तो बरा झाल्यावर ६० दिवसांनी.

फेब्रुवारी २०२२ मध्ये याच ॲपमध्ये आभा काढण्याची सोय जोडली गेली. म्हणजे साथ ओसरत आली तसं संपर्क शोधणारं ॲप आरोग्याच्या नोंदींकडे वळलं. संपर्क शोधण्याचा भाग बंद केला आहे आणि त्यातून जमा झालेली माहिती काढून टाकली आहे, असं सरकारनं २०२३ मध्ये संसदेत सांगितलं. हे ऐकून आईनं विचारलं, "मग आता ब्लूटूथ नि लोकेशन कशाला चालू?" आम्ही त्या ॲपच्या दोन्ही परवानग्या काढून टाकल्या. तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या फोनवर ते अजून असेल तर तुम्हीही बघून घ्या. नोंदींसाठी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचं वेगळं 'आभा' ॲप आहे. आम्ही तेच घेतलं, आईच्या स्वतःच्या फोनवर.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवा नंबर आधारला जोडल्याचा संदेश आला. त्या संध्याकाळी आईच्या फोनवर पहिला ओटीपी वाजला. तो तिनंच वाचला, तिनंच टाकला. आणि पडद्यावर आलं की या आधारवर आभा क्रमांक आधीपासूनच आहे.

आई माझ्याकडे बघायला लागली. मी काढला नव्हता, तिनं काढला नव्हता. मग तिनं कोविड लसीचं प्रमाणपत्र काढलं. १ मार्च २०२१ ला साठ वर्षांवरच्यांची लस सुरू झाली, तेव्हा त्याच महिन्यात बाबांनी दोघांची नावं नोंदवली होती, ओळखीचा पुरावा म्हणून आधार दिलं होतं. प्रमाणपत्रावर खाली एक १४ अंकी क्रमांक छापलेला होता. तोच हा. लसीच्या वेळी आधार देणाऱ्या कितीतरी लोकांचा आरोग्य क्रमांक तेव्हाच तयार झाला. तुमच्या प्रमाणपत्रावरही बघा, कदाचित तुमचाही आहे.

"मला कुणी विचारलं होतं का?" आई म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, पण चाळीस वर्षं वर्गात ज्या स्वरात ती चूक दाखवायची तोच तो स्वर होता. मला तिचं पटलं आणि आजही पटतं. आरोग्याची ओळख माणसाच्या नावानं तयार होते तर ती त्याला सांगून व्हायला हवी. लसीच्या रांगेतल्या त्या गर्दीत टेबलापलीकडच्या मुलींवर किती ताण होता हे मी पाहिलेलं आहे. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या घरी हा क्रमांक तीन वर्षं प्रमाणपत्रावर पडून होता आणि ज्या बाईचा तो आहे तिला त्याची कल्पना नव्हती.

मी तिला सांगितलं की आभा ऐच्छिक आहे. क्रमांक तात्पुरता निष्क्रिय करता येतो, कायमचा काढूनही टाकता येतो, तो पर्याय ॲपमध्येच आहे. तिनं दोन दिवस विचार केला. अटींचा मजकूर भिंगानं वाचून काढला. त्यात तिला एक गोष्ट आवडली : सगळे रिपोर्ट दिल्लीत एका ठिकाणी गोळा होत नाहीत; ज्या दवाखान्यात नोंद झाली तिथंच ती राहते आणि दुसऱ्या डॉक्टरला बघायची असेल तर तुमची संमती मागावी लागते. ती म्हणाली, "मग ठेवू या. पण होय म्हणायचं की नाही ते मी बघणार, तू नाही."

म्हणून माझ्या फोनवर तिचं खातं उघडायचं नाही, असं तेव्हाच ठरलं. सोयीचं झालं असतं, नाही म्हणत नाही. ठाण्यात बसून मी सगळं पाहिलं असतं. पण कागद तिचे आहेत.

खातं सुरू झालं, आभा पत्ता निवडला, म्हणजे ईमेलसारखं लक्षात राहणारं नाव. आत गेलो तर पान रिकामं. इथं पुष्कळ लोक निराश होतात, म्हणून सांगते : क्रमांक काढला की जुने रिपोर्ट आपोआप येत नाहीत. दवाखाना या व्यवस्थेत सामील असावा लागतो, त्याची नोंद संगणकावर असावी लागते, आणि तुमचं तिथलं नाव, लिंग, जन्मवर्ष, मोबाइल यांचा मेळ बसावा लागतो.

तो मेळ बसवण्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. सांगलीच्या ज्या मोठ्या रुग्णालयात आई साखरेसाठी जाते, ते यादीत सापडलं. पण आईची नोंद काही सापडेना. प्रत्यक्ष गेलो तेव्हा कारण कळलं. तिथल्या संगणकात नावाच्या आधी 'श्रीमती' चिकटलेलं, त्याहून जुन्या नोंदीत 'सौ.'. वय अंदाजे घातलेलं, त्यावरून जन्मवर्ष दोन वर्षांनी पुढं गेलेलं. आधारवर आईची जन्मतारीख १ जून १९५२ आहे. तिच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी १ जूनच लिहीत, त्यामुळे अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. आणि मोबाइल? बाबांचाच. जोडणीचा ओटीपी रुग्णालयात नोंदवलेल्या नंबरावर जातो, म्हणजे आधार दुरुस्त करूनही आम्ही पुन्हा त्याच बंद दारापाशी.

दुरुस्ती काउंटरवर तोंडी होत नव्हती. एक साधा अर्ज, आधारची प्रत आणि बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागितली. आईनं अर्ज स्वतः लिहिला, टपोऱ्या अक्षरात. एप्रिलच्या मध्याला दुरुस्ती झाल्याचा फोन आला. तुम्ही जाल तेव्हा या तीन कागदांच्या प्रती सोबतच ठेवा आणि दुरुस्त झालेलं नाव, जन्मवर्ष, मोबाइल तिथंच पडद्यावर बघून घ्या. शक्य झालं तर आभा क्रमांकही त्याच वेळी नोंदवायला सांगा, म्हणजे पुढच्या भेटीची नोंद त्याखाली जाते.

जोडणी करताना भेटींची यादी समोर आली. प्रत्येकीपुढं खूण करायची चौकट. आई एकेक तारीख वाचत गेली. बाबा गेल्यानंतरच्या वर्षात तिला झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं, तेव्हा त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे तिचे उपचार झाले होते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती औषधं केव्हाच थांबली. त्या भेटींपाशी तिचं बोट थांबलं.

"हे नको. डोळ्याच्या डॉक्टरांना याचं काय काम?"

तिनं त्या चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि बाकीच्या जोडल्या. मला वाटलं होतं की तिला हे अवघड जाईल, पण संमती म्हणजे काय हे तिला माझ्याआधी समजलं होतं. सध्या चालू असलेली औषधं मात्र कुठल्याही डॉक्टरपासून लपवू नयेत, हे आम्ही दोघींनी आवर्जून बोलून घेतलं. (आईच्या उपचारांबद्दल हे लिहायला तिची परवानगी आहे. मजकूर तिनं वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं.)

मिरजेचा डिस्चार्ज पेपर ॲपमधून मिळणं शक्यच नव्हतं, २०१८ चं सगळं कागदावर. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात आणि रुग्णानं मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षं उलटून गेलेली होती, त्यामुळे नकार आला असता तरी बोलायला जागा नव्हती. पण तिथल्या नोंदणी विभागातल्या एका काकांनी माळ्यावरून फाइल शोधून काढली. झेरॉक्सचे आणि अर्जाचे मिळून १५० रुपये झाले. त्या काकांचे आम्ही मनापासून ऋणी आहोत. तुमच्या घरात दोन-अडीच वर्षांपूर्वीचं मोठं ऑपरेशन झालेलं असेल आणि कागद हरवले असतील, तर अर्ज आत्ताच द्या.

तो पेपर, ईसीजी, जुन्या चिठ्ठ्या असं सगळं ॲपमध्ये फोटो काढून स्वतः टाकता येतं. काम किचकट आहे. उजेडात, सपाट टेबलावर कागद ठेवून फोटो घ्या. थर्मल कागदावरचे ईसीजी आणि पावत्या काही वर्षांत पुसट होतात, ते आधी घ्या. आम्ही संध्याकाळी चहा झाला की थोडं थोडं करायचो. आई तारखा सांगायची, मी नाव द्यायचे. "हे तुझ्या बारावीच्या वर्षीचं," असं म्हणत ती प्रत्येक कागदाला आमच्या घरातली एकेक गोष्ट जोडायची, आणि त्यामुळे काम लांबलं तरी मला घाई करावीशी वाटली नाही.

मेमध्ये शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांच्या दवाखान्याकडून आईच्या फोनवर संमतीची विनंती आली. त्यात कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि ही परवानगी केव्हा संपणार, हे सगळं लिहिलेलं असतं. यातलं पुष्कळसं बदलता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. मुदत लांबलचक होती, आईनं ती शस्त्रक्रियेनंतरच्या एका महिन्यापुरती केली. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. डॉक्टरांनी पडद्यावर साखरेचे आकडे पाहिले, मिरजेचा पेपर मात्र आईनं झेरॉक्सच पुढं केला. तेही बरंच. रेंज नसली, सर्व्हर अडला तर हातात कागद हवा.

जूनमध्ये खोकल्यासाठी एका सरकारी रुग्णालयात जावं लागलं. तिथं केसपेपरच्या खिडकीशी क्यूआर कोड लावलेला होता. ॲपमधून तो स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप जातो आणि टोकन क्रमांक येतो. ते टोकन थोड्याच वेळात बाद होतं, म्हणून घरून नव्हे, तिथं पोचल्यावरच स्कॅन करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. आईचं काम पटकन झालं, पण रांगेत साधा फोन घेऊन उभ्या असलेल्या आजीबाईंना कुणी विचारत नव्हतं. आईनं खिडकीत वाकून त्यांच्यासाठी विचारलं, तर कळलं की आभा कार्ड छापून आणलं तरी चालतं, आणि नसलं तरी केसपेपर निघतोच. आभा नाही म्हणून उपचार कुणी नाकारू शकत नाही. तसं कुणी सांगितलं तर १८००-११-४४७७ हा टोल फ्री नंबर आहे, तिथं विचारा.

मावशी आणि तिची शेजारीण आता आईकडे येऊन बसतात. आई त्यांना आधी एकच विचारते, आधारला नंबर कुणाचा आहे. ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, 'आभा अपडेट करायचंय' म्हणणाऱ्यालाही नाही, हे ती तीनदा बजावते. तासगावचे आमचे फॅमिली डॉक्टर अजून चिठ्ठीच लिहितात. ती चिठ्ठी घरी आली की आई फोटो काढते, वर तारीख टाकते, आणि मूळ कागद बाबांच्या पिशवीत ठेवते.